सोळा व्होल्टवर लाल रेघ

या महिन्याच्या टपालात एका प्रशिक्षणार्थीने आपल्या जर्नलच्या पानाची प्रत पाठवली आहे. ०–१२ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, लोड काढलेला. मीटरवर दिसले तसे त्याने १६.१ व्होल्ट लिहिले. परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली, शेजारी १०.८ लिहिले आणि गुण कापले. कारण छापील तक्त्यातल्या ‘सैद्धांतिक मूल्य’ या रकान्यात तेवढेच आहे.

हे १०.८ बिनफिल्टरच्या सर्किटचे, तेही डायोडचा ड्रॉप शून्य धरून. कंडेन्सर काढून लोडवर मोजा, साडेनऊच्या आसपासच मिळेल. कंडेन्सर लावला की तो शिखरापर्यंत भरतो. १२ चे शिखर जवळजवळ १७. त्यातून दोन डायोडचा ड्रॉप गेला की सोळा. मुलाचे रीडिंग बरोबर आहे, तक्ता चूक आहे. तरीही तोच तक्ता पुन्हा छापला जातो आणि मीटरकडे न बघता १०.८ उतरवणारा पास होतो, याची चीड येते.

हीच मुले पुढे आपल्या दुकानांत येतात आणि बाराच्या सप्लायला १६ व्होल्टचा कंडेन्सर लावतात. लाइन २५३ पर्यंत चढू शकते, छोटा ट्रान्सफॉर्मर बिनलोड असताना नेमापेक्षा बराच जास्त देतो. कंडेन्सरवर वीस व्होल्ट सहज येतात आणि तो फुगतो. ३५ व्होल्टचाच लावा.

करंटचा घोळ याहून वाईट. १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर १ अँपिअर डीसी ओढला की वाइंडिंग जळते आणि बोल वाइंडरला लागतो. ब्रिज शिखराजवळ, दर १० मिलिसेकंदांत दोन-तीनच मिलिसेकंद चालतो. लोडचा सगळा चार्ज तेवढ्यात भरायचा, म्हणून करंटचे उंच ठोके पडतात. तार तापते ती करंटच्या वर्गाने. सेकंडरीचा आरएमएस करंट डीसीच्या दीडपटीहून जास्त, कधी पावणेदोनपट. अशा ट्रान्सफॉर्मरकडून ०.६ अँपिअरच घ्यावा. सरासरी मोजून आरएमएस दाखवणारा साधा मीटर हे नीट दाखवत नाही.

निदेशकांनो, सेकंडरीच्या तारेत ०.१ ओहमचा रेझिस्टर टाका आणि त्यावरचे ठोके मुलांना स्कोपवर दाखवा. तक्त्यात कंडेन्सरचे मूल्य आणि लोड करंट हे दोन रकाने स्वतः हाताने आखा, छापून येण्याची वाट पाहू नका. आणि ज्यांचे खरे रीडिंग खोडले गेले, त्यांनी लेखी हरकत घ्यावी व त्या पानाची प्रत आम्हाला पाठवावी. सगळ्या प्रती एकत्र करून आम्ही परीक्षा घेणाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.