आजीची इंजेक्शनं आणि नातीची कुपी

मंडळी, दर अंकात आम्ही इकडचं-तिकडचं लिहितो. या वेळचा विषय मात्र घरातलाच आहे, आणि आईंची परवानगी घेऊनच लिहीत आहोत.

गेल्या थँक्सगिव्हिंगला आमची लेक घरी आली होती. ती पीएच.डी. करते. जेवणं उरकल्यावर आजीनं विचारलं, "अगं, दिवसभर त्या लॅबमध्ये करतेस तरी काय?"

लेकीनं करंगळीचं पेर दाखवलं. "एवढीशी कुपी असते, आजी. आत माणसाचं एक प्रथिन. पण बनवलेलं बॅक्टेरियांनी!"

म्हणजे माणसाचा जीन बॅक्टेरियात घालायचा, त्यांची पैदास करायची आणि त्यांनी तयार केलेलं प्रथिन वेगळं काढून शुद्ध करायचं. यालाच रीकॉम्बिनंट म्हणतात. ही कुपी औषध नव्हे, फक्त संशोधनासाठी. या प्रथिनाचं नाव मॅव्ह्ज. 2005 साली डॅलस, ओसाका, लोझान आणि चीन अशा चार ठिकाणी ते स्वतंत्रपणे सापडलं. बारशाला चार आत्या जमल्या आणि प्रत्येकीनं आपलंच नाव ठेवलं! डॅलसच्या झिजियान चेन यांनी ठेवलेलं मॅव्ह्ज हे नाव पुढे रुळलं.

याचं काम निरोप्याचं. पेशीत विषाणू शिरला की पहारेकरी प्रथिनं त्याचा आरएनए ओळखतात आणि मॅव्ह्जला खबर देतात. मॅव्ह्ज बसलेलं असतं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर. खबर मिळाली की त्याचे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करतात आणि पुढे केंद्रकापर्यंत हाकाटी जाते : "इंटरफेरॉन बनवा!"

इंटरफेरॉन म्हटल्याबरोबर आईंनी मान वर केली. हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता.

1971 साली दुसऱ्या बाळंतपणात आईंना रक्त द्यावं लागलं होतं. हेपटायटिस सीचा विषाणू त्यानंतर अठरा वर्षांनी, 1989 मध्ये ओळखला गेला. तेव्हा रक्त तपासणार तरी कसं? आई इकडे आल्यावर 1999 मध्ये साध्या तपासणीत यकृताचं दुखणं निघालं. मग आठवड्याला तीन इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि जोडीला रिबाव्हिरिन, असं अठ्ठेचाळीस आठवडे. प्रत्येक इंजेक्शनच्या रात्री थंडी, ताप, अंग मोडून येणं. केस गळले, मन खचलं. मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही "आईंना जरा कावीळ झालीय" एवढंच सांगत असू. आणि शेवटी विषाणू गेलाच नाही.

आई तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझंच काहीतरी चुकलं. उपास सोडायला हवे होते." हे ओझं त्यांनी इतकी वर्षं वाहिलं, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं.

लेक म्हणाली, "आजी, तुझं काही चुकलं नाही. तेव्हा त्या औषधानं निम्म्यांहून कमी लोक बरे व्हायचे. आणि हा विषाणू भारी लबाड आहे. मॅव्ह्ज ही 540 अमिनो आम्लांची माळ. तिचं शेवटचं टोक मायटोकॉन्ड्रियात रुतलेलं असतं. विषाणूची कात्री बरोबर त्याच्या अलीकडे, 508व्या मण्याशी चालते. पतंगाचा मांजा कापावा तसं! हाकाटीच थांबते. म्हणून तर तो इतकी वर्षं गुपचूप राहतो. कुपीतल्या मॅव्ह्जवर आम्हाला ती कात्री चालवून बघता येते."

"म्हणजे माझी इंजेक्शनं?"

"ती बाहेरून दिलेली रसद. जी हाक आत उठत नव्हती, तिचं काम बाहेरून करायचं. पण विषाणूकडे आणखीही डावपेच होते."

1957 मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधलं. मग ते मिळवायला माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी लागत, त्यामुळे ते सोन्याहून महाग. 1980च्या सुमारास झुरिकमध्ये व्हाइसमान यांनी आणि आपल्या न्यू जर्सीतल्या नटलीला सिडनी पेस्टका यांनी बॅक्टेरियांकडून ते करून घेण्याचा मार्ग खुला केला. 1986 मध्ये इथे औषध म्हणून मान्यता मिळाली. 2011 मध्ये त्या कात्रीलाच अडकवणारी औषधं आली आणि 2013च्या अखेरीपासून इंटरफेरॉनशिवाय नुसत्या गोळ्यांचे उपचार सुरू झाले. आई 2015 मध्ये बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बऱ्या झाल्या.

सगळं ऐकून आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग हे लिहा की तुमच्या त्या पानावर. लपवून काय मिळवलं?"

म्हणून हे लिहिलं. मंडळी, आपल्यापैकी कित्येकांना भारतात लहानपणी काचेच्या सिरिंजनं, अर्धवट उकळलेल्या सुयांनी इंजेक्शनं मिळालेली आहेत. 1992च्या आधी कुणाला रक्त दिलं गेलं असेल. भारतात तर दात्यांची ही तपासणी आणखी उशिरा सक्तीची झाली. हा आजार एका ताटात जेवल्यानं किंवा मिठी मारल्यानं पसरत नाही. त्रासही बरीच वर्षं जाणवत नाही. इथल्या सीडीसीनं 2020 पासून प्रत्येक प्रौढाला आयुष्यात एकदा तरी ही चाचणी करून घ्यायला सांगितलं आहे. आता बहुतेक सगळे आठ ते बारा आठवड्यांत बरे होतात.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा. आणि आईवडील भारतातून आले असतील तर त्यांचीही चाचणी करून घ्या.

लेक परत निघाली तेव्हा आजीनं तिच्या हातावर बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला. "लॅबमधल्या सगळ्यांना दे," म्हणाली. "आणि त्या कात्रीचा नीट बंदोबस्त करा!"