सोवळ्यातला ब्रेक

जुन्या मोटारसायकलींचा शौक आपल्याकडे आता चांगलाच रुजला आहे, आणि शौक रुजला की त्याचे उपाध्येही जन्माला येतात. या उपाध्यांचे सारे कर्मकांड एका शब्दाभोवती फिरते: 'अस्सल'. टाकीवरची रेघ अस्सल हवी, दिव्याची काच अस्सल हवी, नटसुद्धा कारखान्यातून आला त्याच मापाचा हवा. इथवर माझी तक्रार नाही; रेघ अस्सल असल्याने कुणाचा जीव जात नाही. पण हेच गृहस्थ पुढच्या चाकातल्या ब्रेकपाशी येतात आणि तोही साठ वर्षांपूर्वीचाच असला पाहिजे, नाहीतर गाडी बाटली, असा निवाडा देतात, तेव्हा त्यांच्याशी भांडणे मला भाग पडते.

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. 1955 साली मद्रासला बुलेटचा संसार थाटला गेला. त्या पिढीच्या गाडीच्या पुढच्या ड्रममध्ये दोन शू असतात आणि त्यांना फाकवणारा कॅम एकच. केबल ओढली की कॅम फिरतो, शू ड्रमला टेकतात. पण दोघे सारखे राबत नाहीत. एका शूला फिरता ड्रम आपणच आत ओढून घेतो, त्याची पकड घट्ट होत जाते. दुसऱ्याला तोच ड्रम मागे सारतो. जोडीतला एक बैल ओढतो आहे आणि दुसरा नुसता चालतो आहे, असा हा प्रकार. यावरचा उपाय फार जुना आहे. प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम द्यायचा आणि दोन्ही कॅम बाहेरून एका दांडीने जोडायचे. मग दोन्ही शू कामाला लागतात. यात तेल नाही, नळ्या नाहीत. लिव्हरपासून चाकापर्यंत केबलच आहे. आणि गंमत अशी, की पुढच्या काळात मद्रासच्या कारखान्याने बुलेटला सात इंची, दोन कॅमचा असाच ड्रम स्वतः बसवला. म्हणजे ज्याला आमचे शुद्धतावादी भ्रष्टाचार म्हणतात, तो मूळ घराण्यातलाच आचार आहे!

आता थोडे शाळेतले गणित. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला 4 मीटरने उतरत गेला, तर गाडी 35 मीटरांवर थांबते. 6 मीटरने उतरला, तर 23 मीटरांवर. मधले 12 मीटर म्हणजे जवळजवळ एका एस.टी.ची लांबी. पण खरा हिशेब याच्याही पुढे आहे. जिथे दुसरी गाडी पाय टेकून उभी राहिली, त्या जागेवरून पहिली अजून ताशी 35 किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असते. तिथे शाळेतले पोर असेल तर त्याला अस्सलपणाचे कौतुक कसे सांगणार?

आमच्या कोल्हापुरातल्या एका स्नेह्यांनी आपल्या बुलेटला असा ड्रम बसवला होता. एका स्पर्धेत परीक्षकांनी नाक मुरडले, गुण कापले. स्नेही हळवे, घरी येऊन त्यांनी जुनी प्लेट पुन्हा चढवली. पुढच्याच पावसाळ्यात आंबा घाट उतरताना समोरचा टेम्पो थबकला आणि हे थांबू शकले नाहीत. मांडीचे हाड मोडले, चार महिने अंथरुणाला खिळले. जुन्या ब्रेकमुळेच हे झाले अशी शपथ मी घेणार नाही. घाट, पाऊस, उतार सगळेच होते. पण ज्यांनी गुण कापले त्यांच्यापैकी एकानेही त्या ब्रेकने घाट उतरून पाहिला नव्हता, एवढे मला ठाऊक आहे.

"गाडी प्रदर्शनापुरतीच बाहेर काढायची, मग ब्रेकची चिंता कशाला?" असे विचारणारे भेटतात. वर ते 2021 सालचा केंद्राचा नियम तोंडावर फेकतात. तो नियम मीही वाचला आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले वाहन तो 'व्हिंटेज' मानतो, रोजच्या वापराला मनाई करतो, आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नको म्हणतो. ब्रेकचे नाव त्या यादीत नाही. शिवाय प्रदर्शनाला आणि रॅलीला गाडी आकाशातून येत नाही. ती रस्त्यानेच येते, आणि त्या रस्त्यावर 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरची प्रत्येक नवी मोटारसायकल एबीएस घेऊन उतरते. पुढचा पोरगा दोन बोटांनी गाडी जागेवर उभी करतो. त्याच्या पाठीशी आपण, आपली परंपरा सांभाळीत!

आणि 'मूळ' म्हणजे तरी काय? 1983 साली आपल्याकडे राजदूत 350 आली. तिची जपानी आई यामाहा आरडी 350. तिला पुढे डिस्क होती. इथे खर्च वाचावा म्हणून ड्रम आला. आता त्या गाडीच्या मालकाने अस्सल कशाला म्हणावे, अभियंत्याने आखलेल्याला की हिशेबनिसाने कापलेल्याला? जुना वाडा जपणारा माणूस खांब जपतो, तुळया जपतो. विजेच्या कुजक्या तारा कोणी परंपरा म्हणून ठेवीत नाही.

मात्र दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे जमत नाही. जुन्या बुलेटचा पुढचा सांगाडाच उपटून नव्या गाडीचा डिस्कवाला जोडणारे, यांनी दुसरी गाडीच घ्यावी. दोन कॅमचा ड्रम हाही काही देव नव्हे. चढावर गाडी मागे सरू लागली की त्याची पकड ढिली पडते, आणि लांब उतारावर तो तापला तर साध्या ड्रमइतकाच, किंबहुना जास्तच, दगा देतो. त्यामुळे इंजिनाच्या जोरावर, खालच्या गिअरमध्ये उतरणे सुटत नाही.

बहुतेक ठिकाणी काम बिघडते ते केबलवर. दोन-तीनशे रुपयांचा मोह पडतो आणि हलकी केबल येते. आतली तार ताणत नाही, बाहेरचे वेष्टण दबते. लिव्हर मुठीला टेकते आणि चाक मात्र फिरतच राहते. वेष्टण जाड हवे, वळणे मोठी हवीत, आणि ब्रेक पूर्ण लागल्यावर ड्रमवरच्या दांडीशी केबल काटकोनात यायला हवी. जोडदांडीची लांबी अशी बसवावी, की दोन्ही शू एकाच वेळी टेकतील. लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. तो भुगा हवेच्या नळीने उडवणारे मेकॅनिक पाहिले की मला धडकी भरते. ओल्या फडक्याने पुसावा.

राहिली जुनी प्लेट. ती कोणी भंगारात टाका म्हणत नाही. माझ्या 1965 च्या बुलेटची प्लेट, शू, कॅम आणि केबल ग्रीस लावून, कापडात गुंडाळून माळ्यावरच्या डब्यात ठेवली आहे. डब्यावर गाडीचा नंबर लिहिला आहे. बदलताना एकही वेल्डिंग केले नाही, एकही नवे भोक पाडले नाही. उद्या कुण्या संग्रहालयाला ही गाडी उभी करून ठेवावीशी वाटली, तर अर्ध्या दिवसात ते भाग पुन्हा चढतील. तोवर गाडी माझ्याकडे आहे, आणि मी ती चालवतो.