बेखमीर आहे, म्हणून ग्लुटेन नाही असे समजू नका

"बेखमीर आहे ना डॉक्टर, मग यात ग्लुटेन कुठून येणार?"

ठाण्यातल्या एका बेने इस्राएली आजींनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांची नात शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. मुलगी सीलियाक आजाराची रुग्ण. वर्षभर तिने पथ्य काटेकोर पाळले. पोळी नाही, पाव नाही, बिस्किट नाही. हिमोग्लोबिन वर आले, वजन वाढले. आणि उन्हाळ्यात तपासणी केली तर टीटीजी पुन्हा चढलेले! खोदून विचारल्यावर कळले की वल्हांडणाच्या सणात घरात इस्राएलहून आलेले मात्झाचे पुडे होते. सणात तर ती खात होतीच, पण उरलेले पुडे पुढे दोन महिने चहाबरोबर संपवले गेले. यीस्ट नाही, खमीर नाही, म्हणजे चालेल, असे घरात सगळ्यांनी धरून चालले होते.

आजींची चूक मला फार मोठी वाटली नाही, कारण हाच गैरसमज शिकलेल्या लोकांतही सर्रास दिसतो. म्हणून तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या घरच्या पोळीत यीस्ट असते का? नसते. मग पोळी ग्लुटेन-फ्री असते का? मुळीच नाही. मात्झाचेही तसेच आहे. तोही गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्यानेच होतो.

खमीर आणि ग्लुटेन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खमीर म्हणजे पीठ आंबवणारे सूक्ष्मजीव. ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन. कणीक भिजवली की तिला जो ताण येतो, पोळी लाटताना ती फाटत नाही, तो ग्लुटेनचा गुण. मात्झाच्या पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत तो भाजून व्हावा लागतो, नाहीतर पीठ आंबले असे धर्मशास्त्र मानते. या घाईत आंबणे टळते. ग्लुटेन मात्र जागच्या जागी राहते, आणि भट्टीच्या उष्णतेनेही ते नष्ट होत नाही.

हिशेब पाहा. साधारण ३० ग्रॅमच्या एका मात्झात दोन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. सीलियाकच्या रुग्णाने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने खाल्ले तरी आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते. म्हणजे एकच मात्झा त्याच्या सुमारे चाळीसपट. "एवढासा तुकडा" हा शब्द या आजारात वापरूच नये. पोट दुखले नाही, जुलाब झाले नाहीत, म्हणजे पचले असेही नाही. आतडे गुपचूप खराब होत राहते. मग कधी ॲनिमिया, कधी हाडांचा ठिसूळपणा असे ते बाहेर पडते.

आता खरी अडचण. तांदळाचा किंवा नाचणीचा मात्झा करून प्रश्न सुटत नाही. सेदरच्या रात्री जो मात्झा खाण्याची आज्ञा आहे, तो गहू, जव, स्पेल्ट, राय आणि ओट या पाच धान्यांपैकीच एकाचा हवा. कारण जे धान्य आंबू शकते, त्याचाच बेखमीर मात्झा होऊ शकतो, असा तो विचार आहे. यातल्या पहिल्या चार धान्यांत ग्लुटेन आहे. स्पेल्ट हा "जुना, पचायला हलका" म्हणून विकला जातो, पण तोही गहूच. हाताने केलेला महागडा श्मुरा मात्झा धार्मिक दृष्टीने कितीही शुद्ध असो, सीलियाकच्या रुग्णाला तितकाच वर्ज्य. अंडे आणि फळांचा रस घालून केलेला मऊ मात्झा म्हाताऱ्यांना बरा पडतो, पण त्यातही गहू आहेच.

उरतो ओट. लंडनमधल्या एका रब्बींनी आपल्या सीलियाक असलेल्या मुलीसाठी ओटचा मात्झा करायला घेतला, आणि आज तो देशोदेशी मिळतो. मात्र पुड्यावर "ग्लुटेन-फ्री" असे स्पष्ट लिहिलेले हवे, कारण साधे ओट शेतात आणि गिरणीत गव्हात मिसळतात. आपल्याकडे या शब्दासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. थोड्या रुग्णांना शुद्ध ओटही सोसत नाही, म्हणून आजाराचे निदान नुकतेच झाले असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बाजारात बटाट्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चचे "मात्झासारखे" क्रॅकरही मिळतात. ते पोटाला चालतात, पण सेदरची आज्ञा त्यांनी पुरी होत नाही. उलट "वल्हांडणासाठी कोशर" हा शिक्का फक्त खमिराविषयी सांगतो, ग्लुटेनविषयी नाही. धर्माचा प्रश्न रब्बींना विचारा, आतड्याचा डॉक्टरांना. एकाच्या उत्तरावर दुसऱ्याचे काम चालवू नका.

माझे मत विचाराल तर या आजारात पथ्य मोडते ते रुग्णाच्या जिभेमुळे कमी आणि घरच्यांच्या प्रेमामुळे जास्त. "सणाचे आहे, देवाचे आहे, एक घास घे." हे वाक्य मी सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याबद्दल ऐकतो, चर्चमधल्या गव्हाच्या पातळ चकतीबद्दल ऐकतो, आणि मात्झाबद्दलही. यहुदी धर्मात तर जीव वाचवण्यासाठी जवळजवळ सगळ्या आज्ञा बाजूला ठेवता येतात. असे असताना पोरीला कानकोंडे का करायचे? शिवाय मात्झा खाण्याची सक्ती सेदरच्या रात्रीपुरतीच, इस्राएलमध्ये एक आणि बाहेर दोन. बाकीचे दिवस फक्त आंबवलेले खायचे नाही, मात्झा खाल्लाच पाहिजे असे नाही. युरोपातून आलेले अश्केनाझी यहुदी या सणात भातही टाळतात. बेने इस्राएलींना तांदूळ चालतो. कोकणातून आलेल्या घरात भात आणि मासे असताना सीलियाकच्या रुग्णाने आठ दिवस उपाशी राहायचे काहीच कारण नाही.

ताटाकडे मात्र लक्ष हवे. मात्झा मोडला की चुरा सगळीकडे उडतो. खजुराच्या हारोसेतच्या वाटीत सगळे आपापला तुकडा बुडवतात आणि ती वाटी पुढे सरकते. रुग्णाची वाटी, चमचा आणि ताट आधीच वेगळे काढा. मात्झाच्या चुऱ्याचे गोळे ज्या रश्श्यात उकळले, तो रस्साही नको, गोळे काढून टाकले तरी नको.

ज्यांना सीलियाक नाही त्यांनी मात्झा खुशाल खावा. फक्त बहुतेक मात्झा मैद्यासारख्या पिठाचा असतो. चोथा कमी, त्यामुळे सणात बद्धकोष्ठाच्या तक्रारी येतात. पाणी, भाज्या आणि फळे वाढवा, जमल्यास पूर्ण गव्हाचा घ्या. मधुमेह असेल तर मात्झातही पोळीसारखेच पिष्टमय पदार्थ असतात, हे लक्षात ठेवून भात कमी करा.

आणि एक. सणात पाव-पोळी सुटल्यामुळे कोणाला एकदम बरे वाटले, म्हणून तो स्वतःच ग्लुटेन कायमचे बंद करतो आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे येतो. तोवर रक्ततपासणी आणि बायोप्सी दोन्ही नॉर्मल दिसू शकतात, आणि खरे निदान करायला पुन्हा काही आठवडे गहू खायला लावावा लागतो. शंका असेल तर गहू चालू असतानाच टीटीजी आयजीएची तपासणी करून घ्या. सीलियाक निघाला तर आईवडील, भावंडे आणि मुलांचीही करा. त्या आजींची तपासणीही आम्ही त्याच दिवशी लिहून दिली.