उतारा वाचायला वेळ कोण देणार?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला आणि आमच्या माण तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आधीपासून नोकरीत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी सुरक्षित, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा चुकत नाही. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. निकालानंतर महिनाभरात पाच-सहा प्राथमिक शिक्षक घरी येऊन गेले. बालमानसशास्त्राबद्दल कोणी विचारलं नाही, गणिताबद्दलही नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, "सर, तेवढा इंग्रजीचा उतारा बघा." त्यांच्यासोबत बसून जे दिसलं ते इथे मांडतो. यातले काही मुद्दे शिक्षकांसाठी आहेत, काही शिक्षण खात्यासाठी.

१. इंग्रजी ऑप्शनला टाकायचा हिशेब चुकीचा आहे.

पेपर १५० गुणांचा, प्रश्न १५०, वेळ अडीच तास. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव गटांना ५५ टक्के. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला भाषा दोन म्हणून इंग्रजीचे ३० प्रश्न असतात. "तिथे डोळे मिटून गोळे भरू, बाकीच्या १२० मध्ये काढू," असं एक गुरुजी म्हणाले. आपण हिशेब करून बघू. चार पर्यायांत डोळे मिटून भरलं तर तीसपैकी सरासरी सात-आठ बरोबर येतात. मग उरलेल्या १२० मध्ये ८२-८३ हवेत, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. इंग्रजीत १८ मिळवले तर तिकडे ७२ पुरतात, म्हणजे नेमके ६० टक्के. गणित नि परिसर अभ्यासात नऊ टक्के जास्त काढणं सोपं, की इंग्रजीत दहा प्रश्न अधिक सोडवणं? ज्या परीक्षेचा निकाल बऱ्याच वेळा एक आकडी टक्क्यांत अडकलेला आहे, तिथे ही चैन परवडत नाही.

२. ही परीक्षा ज्या पिढीवर आली आहे, तिचा इतिहास लक्षात घ्या.

आज पंचेचाळिशीत असलेल्या शिक्षकाने स्वतः इंग्रजीची मुळाक्षरं पाचवीत गिरवली. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हा डी.एड. करून नुकताच रुजू झालेला हाच तरुण शिक्षक, आपण कधी पहिलीत न शिकलेला विषय पहिलीला शिकवू लागला. गेली पंचवीस वर्षं त्याने गाणी म्हणून घेतली, चित्रं दाखवली, स्पेलिंगं पाठ करून घेतली. इंग्रजीचा सलग परिच्छेद स्वतःसाठी वाचायची वेळ मात्र त्याच्यावर आली नाही, आणि कोणी आणलीही नाही. प्रशिक्षणं झाली ती मुलांना काय करायला लावायचं याची.

म्हणून "शिक्षकांनाच इंग्रजी येत नाही" असं चौकात बसून म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. याच पिढीतल्या बाई यू-डायसची माहिती भरतात, पोषण आहाराचं ॲप चालवतात आणि तिथले इंग्रजी रकाने बरोबर समजून घेतात. इंग्रजी वाचन रोज चाललंय, फक्त त्याला कोणी वाचन म्हणत नाही.

३. खरी अडचण शब्दांची नाही, क्रियापदाच्या जागेची आहे.

घरी येणारा प्रत्येक जण आधी शब्दसंग्रहाची वही दाखवतो. तीनशे शब्द, समोर अर्थ. वही चांगली आहे, पण उतारा तिथे अडत नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. शेवटपर्यंत थांबायची, मग अर्थ घ्यायची आपल्या मनाला सवय असते. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागे लगेच येतं, नाहीतर मध्येच एखादं पोटवाक्य घुसतं आणि कर्ता व क्रियापद यांची ताटातूट होते.

एक वाक्य मी सगळ्यांना देतो : 'द टीचर हू हॅड वॉर्न्ड द बॉइज अबाउट द रिव्हर वॉज नॉट देअर.' कोण तिथे नव्हतं? सहातल्या दोघांनी नदी म्हटलं, एकाने मुलं. 'वॉज'च्या सर्वांत जवळ नदी आहे, म्हणून नदीच नाहीशी झाली. प्रत्यक्षात मुलांना नदीबद्दल बजावणारे गुरुजी त्या वेळी तिथे नव्हते. यातला एकही शब्द त्यांना नवा नव्हता.

उपाय अगदी साधा आहे. पेन्सिल घ्या. 'हू', 'व्हिच', 'दॅट' इथून सुरू होणारा तुकडा कंसात टाका आणि कंस सोडून वाक्य वाचा : 'द टीचर वॉज नॉट देअर.' मग कंस उघडा. आठवडाभर रोज दहा वाक्यांना असे कंस घातले की पुढे कंस डोळ्यांनीच पडतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालांचं ऋण मी मानतो, पण शब्दाला शब्द लावायची सवयही आपल्याला तिथूनच लागली आहे आणि उताऱ्यात ती नडते.

४. छोटे शब्द मोठा घात करतात.

'द बस हॅड हार्डली स्टॉप्ड व्हेन द चिल्ड्रन जम्प्ड आउट.' एका बाईंनी वाचलं : बस जोरात थांबली आणि मुलं बाहेर पडली. 'हार्ड' म्हणजे जोरात, कडक. त्यामुळे हार्डली म्हणजेही तेच. पुढे प्रश्न होता मुलांच्या मनःस्थितीचा. बाईंनी 'घाबरलेली' हा पर्याय निवडला. त्यांच्या डोळ्यांसमोर अपघात होता. उताऱ्यात सहल होती, बस थांबते न थांबते तोच मुलांनी उड्या टाकल्या होत्या. बाई खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी सगळा उतारा दवाखान्यात नेऊन ठेवला!"

'फ्यू' म्हणजे जवळपास कोणीच नाही, 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी. 'अनलेस'च्या पोटात नकार असतो. 'टू टायर्ड टु वॉक' म्हणजे इतका दमलेला की चालवेना. 'चालण्यासाठी खूप दमला' असा अर्थ लावून एक गुरुजी पुढचे तीन प्रश्न चुकले. असे पंचवीस-तीस शब्द एका कागदावर मावतात. तीनशे शब्दांच्या वहीआधी हा कागद करा.

५. "ओळ शोधा" ही आपलीच सवय आपल्यावर उलटते.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्गात आपण मुलांना काय सांगतो? प्रश्नातला शब्द धड्यात शोध, ती ओळ अधोरेखित कर, उत्तर म्हणून उतरव. वर्षानुवर्षं हेच. पर्यायी प्रश्न काढणाऱ्याला ही सवय पक्की ठाऊक असते. तो चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे पेरतो आणि बरोबर पर्याय वेगळ्या शब्दांत लिहितो.

समजा, उताऱ्यात आहे की गावात शाळा बांधून होईपर्यंत गावकऱ्यांनी जमीन विकायला नकार दिला. एक पर्याय म्हणतो, गावकऱ्यांनी जमीन विकायला नकार दिला. दुसरा म्हणतो, गावकऱ्यांना व्यवहाराआधी शाळा हवी होती. पहिल्यात उताऱ्यातले सगळे शब्द सापडतात, म्हणून हात तिकडे जातो. पण 'अंटिल' गळला की अर्थही गेला. गावकरी जमीन विकायला तयार होते, फक्त त्यांची एक अट होती.

आणखी एक खोड शिक्षकांचीच, आणि ती त्यांच्या हुशारीतून येते. उतारा पाणलोटावर असला की माणदेशातल्या गुरुजींना उताऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते स्वतःच्या ज्ञानावर उत्तर देतात, तेही बरोबर देतात, आणि गुण जातो. प्रश्न 'खरं काय' असा नसतो. 'उताऱ्यात काय म्हटलंय' असा असतो. प्रश्नातला 'नॉट' तर गोल करूनच पुढे जा, इतके लोक तिथे घसरतात.

क्लासवाले सांगतात, उतारा वाचूच नका, प्रश्न वाचून शब्द हुडका. थेट माहितीच्या प्रश्नाला हे चालतं. शीर्षक, लेखकाचा रोख, अनुमान यांना चालत नाही. प्रश्नांवर एकदा नजर टाका, पण उतारा पूर्ण वाचा. अडीचशे शब्दांच्या उताऱ्याला सावकाश वाचूनही दोन-अडीच मिनिटं लागतात. पाच प्रश्नांमागे तेवढा खर्च परवडतो.

६. साहित्य शाळेतच आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पेपरचे प्रश्न पहिली ते पाचवीच्या अभ्यासक्रमावर असतात, पण त्यांची काठिण्यपातळी माध्यमिक स्तरापर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या पेपरची उच्च माध्यमिकपर्यंत. म्हणजे बालभारतीची सहावी ते दहावीची इंग्रजी पुस्तकं ही पहिली शिदोरी. ती फुकट उतरवून घेता येतात. रोज एक पान. पहिल्यांदा वीरकरांची डिक्शनरी मिटलेली ठेवून, दुसऱ्यांदा उघडून. मग प्रत्येक परिच्छेद बोली मराठीत एका वाक्यात सांगायचा, शेजारणीला सांगावा तसा. शब्दशः भाषांतर करत बसायचं नाही.

शेवटी त्या पानावर दोन पर्यायी प्रश्न स्वतः काढायचे. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढण्यात शिक्षकांचा जन्म गेला आहे. ही कला या परीक्षेला बसणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे नाही. बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं. पटतील असे तीन चुकीचे पर्याय लिहायला बसलं की प्रश्न काढणाऱ्याच्या सगळ्या चोरवाटा आपोआप कळतात. या शिक्षकांसाठी भरणाऱ्या आमच्या रविवारच्या वर्गात मार्गदर्शिकांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

७. "वीस वर्षं नोकरी झाल्यावर परीक्षा कशाला?"

आक्षेप पोकळ नाही. सहावी ते आठवीला इतिहास शिकवणाऱ्याला इंग्रजीच्या तीस गुणांवर जोखणं मलाही पूर्ण पटत नाही. पण पहिली ते पाचवीचा शिक्षक इंग्रजी शिकवतोच. त्याला इयत्ता दहावीच्या पातळीचा उतारा समजावा ही अपेक्षा अन्याय्य म्हणता येणार नाही, आणि त्याच्या वर्गातल्या मुलांच्या पालकांसमोर तर मुळीच म्हणता येणार नाही. निकालावर काय करायचं ते संघटनांनी करावं. ती लढाई चालू असताना पुस्तक मिटून ठेवू नये. आणि आडवाट धरणाऱ्यांनी २०१९-२० च्या टीईटीतलं गुणांच्या फेरफाराचं प्रकरण आठवावं. त्यात सात हजारांहून जास्त उमेदवार बाद झाले.

८. आता खात्यासाठी : दोन वर्षांतले तास कुठे आहेत?

न्यायालयाने मुदत दिली. ती ऑगस्ट २०२७ अखेर संपते. त्याच काळात जनगणना आहे : घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. दारोदार जाणार कोण, हे सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं सांगतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळतं. म्हणजे काम कायदेशीर, परीक्षाही कायदेशीर, आणि दोन्हींच्या मध्ये सापडलेली एक बाई, जी संध्याकाळी सात वाजता घरी येऊन भाकरी थापते आणि नऊला पुस्तक उघडते. वाचनाची सवय थकलेल्या डोळ्यांना लागत नाही, हे एक जुना मास्तर म्हणून मी खात्रीने सांगतो.

म्हणून मागणं मोठं नाही. दर महिन्याला शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते. त्यातला एक तास इंग्रजी वाचनाला द्यावा. त्यात भाषणं नकोत, पीपीटी नको. एक उतारा, चार-पाच जणांचे गट, प्रश्न, आणि चुकलेल्या उत्तरावर मोकळी चर्चा. चालवायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. जवळच्या हायस्कूलचा इंग्रजी शिक्षक किंवा माझ्यासारखा निवृत्त माणूस पुरे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने दर महिन्याला दोन उतारे, आणि प्रत्येक पर्याय का बरोबर, का चूक याचं मराठीत स्पष्टीकरण, एवढं एका पीडीएफमध्ये पाठवावं. टीईटी घेणाऱ्या परीक्षा परिषदेने प्रत्येक परीक्षेनंतर कोणत्या प्रश्नाला सर्वाधिक उमेदवार चुकले ते जाहीर करावं. उत्तरसूचीने गुण कळतात, चूक का झाली ते कळत नाही. आणि ज्याला जनगणनेचं काम लागलं आहे, त्याला त्या वर्षी परीक्षेआधीच्या महिन्यात दुसरी कोणतीही मोहीम देऊ नये.

९. आणि केंद्रप्रमुखांना एक विनंती.

खात्याचं पत्र यायची वाट पाहू नका. एक तास बाजूला काढायला कोणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या शिक्षण परिषदेला एका उताऱ्याच्या तीस प्रती काढून न्या. झेरॉक्सचा खर्च चहापेक्षा कमी येतो. आमचा वर्ग दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ भरतो. सध्या नऊ जण येतात, त्यांतल्या दोघी बावीस किलोमीटरवरून. उतारे मी देईन.