मोफत, मुक्त आणि नवशिक्याचे पहिले लिनक्स

लिनक्स या नावाची एकच वस्तू कुठे मिळत नाही. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला कर्नल, त्याभोवतीची ग्नू प्रकल्पाची साधने, खिडक्या आणि मेन्यू दाखवणारा डेस्कटॉप, ब्राउझर, लिब्रेऑफिस असे सगळे बांधून जो संच दिला जातो त्याला वितरण किंवा बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात. असे संच शेकड्यांनी आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. त्यामुळे धडधाकट पण जुना लॅपटॉप असलेल्या माणसापुढे आता मुख्यतः दोन वाटा उरतात, यंत्र बदलणे किंवा लिनक्स. दुसरी वाट धरली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो, आणि त्यातले सर्वांत ठाम सल्ले नवशिक्याच्या सर्वांत कमी कामाचे असतात.

पहिला पूर्वपक्ष शुद्धतावाद्यांचा. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने मुक्त सॉफ्टवेअरचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना दोहोंतला फरक आयुष्यभर समजावून सांगावा लागला. मराठीत ती अडचण नाही. सॉफ्टवेअर वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य असेल तर ते मुक्त, पैसे पडत नसतील तर मोफत. शुद्धतावादी म्हणतात की मुक्तपणासाठीच विंडोज सोडायचे असेल तर बंदिस्त सॉफ्टवेअरचा कणही नसलेले, ट्रिस्केलसारखे वितरण घ्यावे, नाहीतर मालक तेवढा बदलतो.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते लॅपटॉपमधल्या वाय-फायच्या चिपपाशी येऊन अडते. बहुतेक चिपना चालू होताना उत्पादकाचे बंदिस्त फर्मवेअर लागते. ते संचात नसेल तर वाय-फायसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर उतरवायला वाय-फाय हवे, असा पेच पडतो. १९९३ पासून चालत आलेला डेबियन हा प्रकल्प याबाबतीत फार कडक. त्याच्या अधिकृत संचात असे फर्मवेअर नसे. अखेर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून नियम बदलला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत संचातच येऊ लागले. इतक्या तत्त्वनिष्ठ मंडळींना जी सवलत द्यावी लागली, ती नवशिक्याला नाकारणे हा निव्वळ हट्ट आहे. मुक्ततेची गोडी यंत्र चालू झाल्यावर लागते.

दुसरा पूर्वपक्ष असा की शिकायचेच तर अवघड तेच आधी घ्यावे. आर्च हे वितरण हाताने बसवले की लिनक्स कळते, असे त्याचे समर्थक सांगतात. विहिरीत पोहायला शिकवणारेही पोराच्या पाठीला आधी डबा बांधतात. आर्चला आवृत्त्या नसतात, बदल अखंड येत राहतात, आणि अद्ययावत करण्यापूर्वी प्रकल्पाच्या सूचना वाचाव्यात अशी अपेक्षा असते. वाचून दुरुस्ती करण्याची हौस असलेल्याला ते आनंदाचे, उद्या अहवाल द्यायचा असलेल्याला जाचाचे. आर्चचा विकी मात्र उत्तम असून तो कुठल्याही वितरणाच्या माणसाला उपयोगी पडतो. हॅकिंगच्या आकर्षणाने विद्यार्थी काली या वितरणापासून सुरुवात करतात, तेव्हा लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये असे खुद्द काली बनवणारेच सांगतात, याची त्यांना कल्पना नसते.

जुन्या यंत्रासाठी हलके वितरण हवे, हा सल्ला अर्धा खरा आहे. डेस्कटॉप हलका केल्याने थोडी मेमरी वाचते. पण ती खातो मुख्यतः ब्राउझर, आणि वितरण कोणतेही असले तरी पाच-सहा टॅब उघडले की त्याची भूक तीच राहते. दोन जीबीच्या यंत्राला हलका डेस्कटॉप उपकारक ठरतो. आठ जीबी असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो वितरण बदलून क्वचितच पडतो.

मंडनाचा पक्ष साधा आहे: नवशिक्याने लिनक्स मिंटची सिनामन आवृत्ती घ्यावी आणि शोध थांबवावा. मिंट २००६ पासून आहे. तिचा मुख्य संच उबंटू या वितरणाच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर उभा असल्याने उबंटूसाठी लिहिलेली बहुतेक मदत तिथे लागू पडते. मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात, म्हणजे विंडोजच्या जुन्या सवयीच्याच जागी असतो. बंदिस्त ड्रायव्हर लागला तर ड्रायव्हर मॅनेजर पर्याय समोर ठेवतो आणि त्यांतला मुक्त कोणता हेही सांगतो. टाइमशिफ्ट या साधनाने आधीच प्रणालीची नोंद घेऊन ठेवली असेल तर बिघडलेली प्रणाली मागच्या दिवसावर नेता येते. उबंटू घेतले तरी चूक होत नाही. शेजारी फेडोरा हे वितरण जाणणारा मित्र असेल तर फेडोराही चालेल, मात्र त्याच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिनेच आधार असतो. अडल्या वेळी धावून येणारा माणूस हा कोणत्याही तुलनात्मक तक्त्यापेक्षा मोठा निकष आहे.

निवड पक्की करण्याची जागा पेन ड्राइव्ह ही आहे. त्यावर मिंटचा संच लिहून यंत्र त्यावरून सुरू केले की हार्ड डिस्कला हात न लावता डेस्कटॉप दिसतो. तिथेच वाय-फाय जोडावे, आवाज ऐकावा, टचपॅडवर दोन बोटे सरकवावीत, झाकण मिटून पुन्हा उघडावे. नंतर देवनागरी इन्स्क्रिप्ट कळपाट जोडून लिब्रेऑफिसमध्ये ‘तऱ्हा’ लिहावे: त, शिफ्टसह जे म्हणजे ऱ, डी म्हणजे हलन्त, मग ह आणि काना. ऱ्ह नीट उमटला की पत्रे, अर्ज, टिपणे यांपुरती मराठीची काळजी मिटली. छपाईच्या धंद्याचे तसे नाही. श्रीलिपीवर पाने लावणाऱ्या डीटीपीवाल्याने आणि टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने त्या कामापुरते विंडोज ठेवावे, कारण ही दोन्ही सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठी बनलेली आहेत. अशा यंत्रावर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी बसवता येतात, पण त्याआधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढलेली असावी.

बाकीच्यांना ब्राउझर, पत्रव्यवहार, चित्रपट आणि मुलांचा अभ्यास एवढेच हवे असते, आणि मिंट ते निभावते. मिंट २२ मालिकेला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळणार आहेत. तोवर दुसरे वितरण शोधण्याची गरज नाही.