पिशवी

मराठी माणसाला शब्दांची वानवा कधी भासली नाही. बैलाच्या शिंगांच्या ठेवणीवरून आणि अंगाच्या रंगावरून त्याला नावे पडतात. पावसाच्या सरीसरीला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. परंतु बाईच्या ओटीपोटात काय काय आहे हे सांगायची वेळ आली, की हीच ऐश्वर्यसंपन्न भाषा डोक्यावरून पदर घेते आणि हळूच एकच शब्द पुढे करते: पिशवी. ‘तिच्या पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली म्हणे’, ‘अहो, तिची पिशवी काढली ना गेल्या वर्षी!’ शहरातल्या ब्लॉकमध्ये हाच शब्द आणि खेड्यातल्या ओट्यावरही हाच.

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या शेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या आजीबाई म्हणतील. त्यांना माझे उत्तर इतकेच, की दिवाळी अंक घरातल्या सर्वांच्या हाती पडतो, नवरेमंडळींच्याही. आणि आजचा विषय त्यांनीही वाचावा असा आहे.

या एका शब्दात आपण काय काय कोंबले आहे ते आधी पाहू. मध्यभागी गर्भाशय. त्याच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या, आणि नळ्यांच्या टोकांशी बदामाएवढी दोन अंडाशये. मराठीच्या तासाला आम्ही ‘आशय’ म्हणजे साहित्यकृतीतला गाभा असे शिकवतो. येथे आशयाचा अर्थ साठा, राहण्याचे ठिकाण. गर्भाशयात गर्भ वाढतो आणि महिन्याच्या महिन्याला पाळी येते. अंडाशयांचे काम निराळे. स्त्रीबीज तर ती तयार करतातच, पण इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि थोडे टेस्टोस्टेरॉनही तीच रक्तात सोडतात. या द्रव्यांना इंग्रजीत ‘हॉर्मोन’ हे नाव १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने दिले, ते चेतवणे या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून. आपला ‘संप्रेरक’ त्याच अर्थाचा आणि, माझ्या मते, अधिक गोड आहे.

आता खरी मेख अशी, की ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांवरून कोणते आशय काढले आणि कोणते ठेवले हे कळत नाही. नुसते गर्भाशय काढले, तर पाळी थांबते. संप्रेरके चालू राहतात. दोन्ही अंडाशये काढली, तर पाळीबरोबर संप्रेरकांचा झराही आटतो. शस्त्रक्रियेच्या नावात फरक एका शब्दाचा. बाईच्या पुढच्या आयुष्यात तो फार मोठा.

माझे आजोळ आणे. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, कल्याण-नगर रस्त्यावरचा घाट चढून गेले, की पठारावर हे गाव लागते. रंगदासस्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या प्रसादामुळे पुष्कळांनी त्याचे नाव ऐकले असेल. तेथे माझ्या धाकट्या मामी राहतात. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी, अंगावरून फार जाते म्हणून त्यांची पिशवी काढण्यात आली. कोणत्या दवाखान्यात ते येथे महत्त्वाचे नाही. टाके सुकले, मामी घरी आल्या आणि पंधरवड्यात त्यांचे सारे तंत्र बिघडले. रात्री दोन-दोनदा लुगडे बदलावे इतका घाम, झोप नाही, सांधे धरलेले, आणि जन्मात कुणावर आवाज न चढवलेली ही बाई क्षुल्लक गोष्टीवरून रडू लागली. शेजारणींनी देवऋषी सुचवला. मामांना वाटले, भूल देताना डोक्यावर काही परिणाम झाला.

मी सुटीत गेले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, “अगं, आतून भट्टी पेटल्यावानी होतं न् मग पोहऱ्यानं वतल्यावानी घाम. पिशवी काढली न् पाळी मिटली, एवढंच मला ठावं. दुसरं काय काढलं का त्यांनी?”

त्यांच्या कागदावर शस्त्रक्रियेचा तपशील नव्हता. पुण्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न मामींचाच होता: अंडाशये आहेत की नाहीत? सोनोग्राफीत ती दिसली नाहीत. रक्तातले एफएसएच खूप वाढलेले निघाले. हे एफएसएच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते. अंडाशयांना ‘कामाला लागा’ असा तो हुकूम असतो. पलीकडून उत्तर आले नाही की ग्रंथी हुकमावर हुकूम सोडत बसते. मामींच्या शरीरात असा हुकमांचा पाऊस पडत होता आणि ऐकायला कुणी नव्हते.

निसर्ग हेच काम सावकाश करतो. आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास पाळी जाते आणि तिच्या आधीची काही वर्षे संप्रेरके चढत-उतरत कमी होतात. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. शस्त्रक्रियेत तेच एकदोन दिवसांत घडते. मेंदूतले उष्णतेचे नियंत्रण डळमळते म्हणून अंगातून वाफा निघतात. झोप मोडली की मन चिडचिडे होते. योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते. याविषयी तर बायका डॉक्टरांपाशीही बोलत नाहीत. आणि जे दिसत नाही ते हाडांत चालू असते: इस्ट्रोजेनचा पहारा उठला की पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. तरुण वयात अंडाशये गेलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

मग अंडाशये ठेवली, तर सगळे ठीक का? बहुतांशी ठीक. पण अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते आणि त्यांतली एक गर्भाशयाच्या रोहिणीकडून येते. एक पाट बंद झाल्यावर दुसऱ्यावर भिजणाऱ्या वाफ्यासारखी त्याची गत होते. म्हणून अशा बायकांची रजोनिवृत्ती पुष्कळदा एकदोन वर्षे किंवा थोडी अधिक लवकर येते. आणि पाळीच नसल्यामुळे ती आली हे कॅलेंडर सांगत नाही. वाफा आणि रात्रीचा घाम सुरू झाला, तर ओळखायचे ते यावरूनच.

मामींच्या घरावरून आता त्याच रस्त्यावर येते. घाटाखाली कुकडीच्या कालव्यांचे पाणी आणि ऊस. घाटावर बाजरी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात उतरतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, ती फेडेपर्यंत तोडायचे, आणि एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे, राहायला कोपी, आडोसा नाही, पाणी नाही. एका वर्षी रस्त्याकडेला थांबलेल्या अशाच एका बाईशी मामी बोलल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, “माझ्यापेक्षा दहा वर्सं आधी गेली गं तिची पिशवी.”

ती बाई एकटी नव्हती. २०१९ साली बीडमधल्या या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. ‘पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्य यांतल्या कित्येक जणींनी ऐकले होते. ज्या पांढऱ्या जाण्यासाठी त्या दवाखान्यात गेल्या, ते पुष्कळदा जंतुसंसर्गाचे असते आणि औषधांनी बरे होते. खाडा चुकावा म्हणून बायका शस्त्रक्रियेला तयार झाल्या, तिच्यासाठी कर्ज काढले, आणि हाडे दुखू लागल्यावर पुन्हा त्याच मोळ्या उचलल्या. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. २०२२ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वीकारण्यास राज्यांना सांगितले.

याचा अर्थ गर्भाशय काढणे वाईट असा कुणी घेऊ नये. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे, अशा वेळी ही शस्त्रक्रिया बाईला जीवदान देते. घराण्यात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाची परंपरा असेल, तर अंडाशये काढण्यालाही सबळ कारण असते. मात्र कारण विचारण्याचा हक्क बाईचा आहे. औषध, किंवा संप्रेरक सोडणारे गर्भाशयात बसवायचे साधन, असा दुसरा मार्ग आहे का, हेही विचारावे. गर्भाशय काढायचेच असेल, तर अंडाशये ठेवणार की काढणार, आणि का?

आणि ती आधीच काढली असतील तर? उपाय आहेत. चाळिशीच्या आतबाहेर अंडाशये गेलेल्या बाईला, तसे न करण्याचे कारण नसेल, तर निसर्गतः पाळी गेली असती त्या वयापर्यंत डॉक्टर इस्ट्रोजेन देतात. गर्भाशय नसल्याने बहुधा त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही; ते गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी असते. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, तर मात्र हा मार्ग सहसा नाही. वाफांवर दुसरी औषधे आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या उपचारांची जगभर धास्ती बसली. पण त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. एकोणचाळिशीतल्या मामींचे गणित त्यांच्या मापाने मांडता येत नाही.

मामींना ते औषध पन्नाशीपर्यंत, दरवर्षी तपासून, मिळाले. हाडांची घनता मोजली. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या घरात असते, बाजरीत फारच थोडे. पठारावरची बाजरी मामींनी सोडली नाही, पण तालुक्याच्या पश्चिमेकडची नाचणी घरात आली, तीळ आले, रोज तासभर चालणे आले. महिना-दोन महिन्यांत झोप परतली. घरात पहिल्यासारखे हसणे ऐकू यायला थोडे अधिक दिवस लागले. मामांनी देवऋषीचे नाव पुन्हा काढले नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो, वर्षाचा हिशेब नीट लावून ठेवतो. यंदा त्याच कपाटात एक कागद शोधा. घरात आई, सासू, जाऊ, धुणेभांड्याला येणाऱ्या मावशी, कुणाची ‘पिशवी’ गेली असेल, तर तिच्या शस्त्रक्रियेच्या टिपणात अंडाशयांविषयी काय लिहिले आहे ते पाहा. काहीच लिहिले नसेल, तर दवाखान्यातून लेखी मागून घ्या. तेथे मिळाले नाही, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा. आणि ती चिडते, रात्री उठून बसते, पंखा वाढवते म्हणून घरात कुणी हसत असेल, तर त्यालाही हे पान वाचायला द्या.