दिवसभराचा शीण उतरवणारी गरम पाण्याची अंघोळ

ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, ट्रॅफिक… दिवस संपता संपता मान अवघडते, पाय जड होतात आणि छोट्याशा गोष्टीवरूनही चिडचिड होऊ लागते. अशा वेळी ऊन ऊन पाण्याची एक बादली अंगावर घेतली की किती मोकळं वाटतं! ‘सगळा शीण उतरला’ असं आपण सहज म्हणून जातो. पण शीण उतरतो म्हणजे नेमकं काय होतं? गंमत म्हणजे रात्रीच्या शांत झोपेचं रहस्य पाणी गरम असण्यात जितकं आहे, तितकंच त्यानंतर शरीर हळूहळू निवण्यात आहे. हे एकदा समजलं की अंघोळ कधी करावी, पाणी किती गरम असावं आणि कोणी जपावं, हे ठरवणं सोपं जातं.

अंगावर पाणी पडताच काय होतं?

गरम पाणी लागलं की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त त्वचेकडे धावतं, म्हणूनच अंग लालसर दिसतं. रक्तदाब थोडा उतरतो आणि हृदयाचे ठोके किंचित वाढतात. ताठरलेल्या स्नायूंना ऊब मिळाली की ते सैल पडतात. शिवाय उबेची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचताना दुखण्याची जाणीव थोडी मागे पडते. कंबर किंवा खांदे शेकल्यावर बरं वाटतं, तेही याच कारणाने.

दिवाळीतलं अभ्यंगस्नान आठवून बघा. आधी कोमट तेलाने मालिश, मग उटणं आणि शेवटी बंबातलं कडकडीत पाणी विसणून केलेली अंघोळ. त्यानंतर फराळावर ताव मारून डोळे पेंगुळतात, तो केवळ पहाटे उठल्याचा परिणाम नसतो. बाळंतिणीला मालिश करून गरम पाण्याने न्हाऊ घालण्याच्या आपल्या पद्धतीतही थकलेल्या स्नायूंना आराम देण्याचाच विचार आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. पाय नुकताच मुरगळला असेल आणि सूज असेल, तर पहिले दोन दिवस तिथे गरम पाणी नको. त्याने सूज वाढू शकते.

झोपेचं गणित

आपल्या शरीराच्या आतलं तापमान दिवसभर सारखं राहत नाही. संध्याकाळनंतर ते हळूहळू उतरू लागतं आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी होतं. हा उतार सुरू झाला की मेंदू समजतो, झोपेची वेळ झाली.

आता यात अंघोळ कुठे येते? गरम पाण्यामुळे हातापायांच्या त्वचेकडे भरपूर रक्त येतं. अंघोळ संपली की त्याच वाटेने, विशेषतः तळहात आणि तळपायांतून, शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं. म्हणजे तापमानाच्या नैसर्गिक उताराला मदत होते आणि झोप लवकर लागते.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी, साधारण 40 ते 42.5 अंश सेल्सिअस पाण्याने केलेली अंघोळ झोप लवकर लागायला मदत करते, असं त्यांना आढळलं. त्यासाठी दहा मिनिटंही पुरेशी होती.

म्हणून रात्री साडेदहाला झोपत असाल, तर अंघोळ साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान उरका. गरम पाण्याने न्हाऊन लगेच अंथरुणात शिरलात, तर शरीराला निवायला वेळच मिळत नाही आणि कूस बदलत पडावं लागतं. जेवण झाल्या झाल्याही अंघोळ टाळा. त्या वेळी रक्ताचा ओघ पचनाकडे असतो. त्यात गरम पाण्याने रक्तदाब आणखी उतरला, तर चक्कर येऊ शकते. ‘जेवून अंघोळ करू नये’ हे आजीचं सांगणं अगदीच निराधार नाही.

बाथटब नाही? बादली पुरे

टबमध्ये डुंबण्याचा एक वेगळा फायदा आहे. पाणी शरीराला उचलून धरतं, त्यामुळे सांध्यांवरचा भार हलका होतो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बादली आणि मगच असतो. काही हरकत नाही! अंघोळ करताना पाणी भराभर डोक्यावरून ओतू नका. मान, खांदे आणि कंबर यांवर धार सावकाश सोडा.

रात्री पूर्ण अंघोळ जमत नसेल, तर अर्ध्या बादलीत सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून बसा. मग पाय पुसून, गार वाटत असल्यास मोजे घाला. तळपाय उबदार असले की झोप लवकर लागते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांनी हा उपाय जरूर करून बघावा.

पाणी किती गरम असावं?

बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपर बुडवून बघतो, तसंच स्वतःसाठीही बघा. कोपराला छान ऊब लागावी, चटका बसू नये. खूप कढत पाण्याने जास्त आराम मिळत नाही, उलट त्वचेवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि खाज सुटते. अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावलं, तर थंडीतही त्वचा फुटत नाही. उन्हाळ्यात कोमट पाणी पुरतं.

आतून लावलेली कडी

मनाला मिळणाऱ्या आरामाचं एक कारण अगदी साधं आहे. घरात बाथरूम ही अशी जागा आहे, जिथे आतून कडी लावता येते आणि फोनही बाहेर राहतो. पण घरातली स्त्री बहुधा कुकरच्या शिट्ट्या मोजत पाच मिनिटांत अंघोळ आटोपते. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तरी वीस मिनिटं स्वतःसाठी मागून घ्या. गॅस बंद करायला आणि दारावरची बेल ऐकायला घरात इतर माणसंही आहेत.

अर्थात, अंघोळ हा औषधाला पर्याय नाही. कित्येक आठवडे झोप लागत नसेल किंवा उदासपणा हटत नसेल, तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

यांनी जपून

* रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी फार गरम पाणी टाळावं. अंघोळीनंतर झटकन उठू नये.
* मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर चटका कळत नाही. पाणी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावं.
* गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम पाण्याच्या टबमध्ये फार वेळ बसू नये.
* घरातल्या वृद्धांनी कडी न लावता दार नुसतं लोटून घ्यावं. स्टूल आणि न घसरणारी चटई ठेवावी.
* मद्यपान केल्यावर गरम पाण्याची अंघोळ नकोच.

चक्कर नेहमी गरम पाण्यानेच येते असं नाही

तुमच्याकडे गॅस गिझर असेल तर हा भाग नीट वाचा. बंद बाथरूममध्ये गिझर पेटता राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठू लागतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, हातापायांतली शक्ती जाणं ही त्याची लक्षणं आहेत. ‘गरम पाण्याने जरा सुस्ती आली’ असं समजून माणूस तिथेच बसून राहतो आणि जीव गमावतो. हिवाळ्यात अशा बातम्या दरवर्षी येतात.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर खिडकी उघडी ठेवा, बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत जा. आत गेलेलं माणूस नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत असेल, तर हाक मारा. उत्तर आलं नाही, तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या.

एवढी काळजी घेतलीत, की मग निर्धास्तपणे संध्याकाळची ऊन ऊन अंघोळ करा आणि त्या रात्री झोप कशी लागते ते स्वतःच बघा.